९६०० वरून १२०० वर आणलं, तरी एरर होतीच

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतला एक कारखाना. भट्टीच्या पॅनलमधलं तापमानाचं कार्ड सकाळी नीट चालायचं. दुपारी पॅनल तापलं की पीएलसीवर (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरवर) कम्युनिकेशन एरर सुरू. कार्डावर एटीमेगा ३२८पी हा मायक्रोकंट्रोलर. पीएलसीशी बोलणं आरएस-४८५ लाइनवर, मॉडबस आरटीयू प्रोटोकॉलने, ९६०० बॉड (सेकंदाला ९६०० बिट). प्रत्येक अक्षराला एक स्टार्ट बिट, आठ डेटा बिट, चूक पकडणारा पॅरिटी बिट (इव्हन, म्हणजे १ ची संख्या सम ठेवणारा) आणि एक स्टॉप बिट: एकूण अकरा. केबल १२० मीटर, शील्डवाली ट्विस्टेड पेअर, दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर.

मी पोहोचलो तोवर मेंटेनन्सच्या दादांनी स्पीड उतरवून पाहिला होता. "साहेब, १२०० वर आणला. आता तर सकाळीही चालेना."

स्पीड उतरवला की केबलचे दोष झाकले जातात: तारेच्या कपॅसिटन्सने गोल झालेल्या कडा, टोकावरून परतणारी लाट. पण १२० मीटरवर ९६०० म्हणजे आरएस-४८५ ला काहीच नाही. बिटांचा वेग ठरवणाऱ्या चिपच्या घड्याळाचा दोष मात्र टक्क्यांत असतो. बिट १०४ मायक्रोसेकंदांचा असो की ८३३ चा, पाच टक्के चूक ही पाच टक्केच राहते.

आणि या कार्डावर अचूक ठोके देणारा क्रिस्टलच नव्हता. चिपच्या आतला ८ मेगाहर्ट्झचा आरसी ऑसिलेटर वापरला होता. डेटाशीटमध्ये त्याचं फॅक्टरी कॅलिब्रेशन ३ व्होल्ट, २५ अंशांना ±१० टक्के दिलेलं आहे. एवढ्या भरवशावर यूएआरटी (चिपमधला एकेक बिट पाठवणारा सिरियल पोर्ट) चालवणं म्हणजे जुगार.

मोजायची सोपी रीत अशी. कार्डाकडून हेक्स ५५ (०१०१०१०१) पाठवायचं. बिट आळीपाळीने बदलतात आणि इव्हन पॅरिटीत पॅरिटी बिट शून्य येतो. म्हणून स्टार्टच्या पडत्या कडेपासून शेवटच्या चढत्या कडेपर्यंत बरोबर दहा बिट. ९६०० ला हे अंतर १०४१.७ मायक्रोसेकंद हवं. ऑसिलोस्कोपवर थंड पॅनलमध्ये १००८ दिसलं, दुपारी ९९२. म्हणजे कार्ड सकाळी ३.३ टक्के जास्त वेगाने बोलत होतं, दुपारी ५.

आता मर्यादा. पीएलसीचा रिसीव्हर प्रत्येक अक्षराच्या स्टार्ट बिटाला नव्याने जुळवून घेतो आणि पुढचे बिट आपल्या घड्याळाने मधोमध वाचतो. स्टॉप बिट तो १०.५ बिटांवर बघतो. सोळापट सॅम्पलिंग (एका बिटात सोळा वेळा लाइन बघणं) असेल तर स्टार्टची कड पकडायला १/१६ बिट उशीर धरून १०.५६ पर्यंत. वेगवान कार्डाचं अकरा बिटांचं अक्षर सकाळी १०.६४ ला संपतं, दुपारी १०.४८ ला. दुपारी रिसीव्हर स्टॉप बघायला जातो तोवर पुढच्या अक्षराचा स्टार्ट बिट सुरू झालेला असतो. फ्रेमिंग एरर, म्हणजे स्टॉप बिट जागेवर न सापडणं. गंमत म्हणजे सुटं एकच अक्षर पाठवलं तर ते दुपारीही पास होऊ शकतं, कारण मागे लाइन रिकामी, म्हणजे हायच, असते. टेबलावर एकेक अक्षर पाठवून तपासणाऱ्याला हा दोष सापडेलच असं नाही.

मग १२०० वर सकाळीही का बंद? तो दोष वेगळा. फर्मवेअर शेवटचा बाइट रजिस्टरमध्ये टाकून यूडीआरई फ्लॅगची (रजिस्टर रिकामं झाल्याच्या खुणेची) वाट बघत होतं, मग ठरावीक २ मिलिसेकंद थांबून ४८५ लाइनवर बिट पाठवणारा ड्रायव्हर बंद करत होतं. यूडीआरई उठतो तेव्हा तो बाइट नुकताच एकेक बिट बाहेर काढणाऱ्या शिफ्ट रजिस्टरमध्ये गेलेला असतो. ९६०० ला त्याला बाहेर पडायला १.१५ मिलिसेकंद लागतात, म्हणून २ पुरत होते. १२०० ला ९.१७ लागतात. निरोपाच्या शेवटी येणाऱ्या सीआरसी या तपासणी-अंकाचा दुसरा बाइट दर वेळी अर्ध्यावर कापला जात होता. उपाय साधा: टीएक्ससी फ्लॅग (शेवटचा बिट बाहेर पडल्याची खूण) येईपर्यंत थांबायचं, तोही पाठवण्याआधी क्लिअर करून.

त्याच दिवशी लाइन चालू करायची होती, म्हणून ९६०० वर परत येऊन दोन्हीकडे पॅरिटी काढली आणि दोन स्टॉप बिट ठेवले. मॉडबसमध्ये पॅरिटी नसेल तर दोन स्टॉप द्यायचेच असतात, त्यामुळे अक्षर अकरा बिटांचंच राहतं. रिसीव्हर सहसा पहिलाच स्टॉप तपासतो, म्हणून आता कार्डाकडून येणाऱ्या डेटात अडचणीचा ठरतो तो आठवा डेटा बिट. त्याची मर्यादा ५.१ टक्क्यांवर जाते. तेवढ्यावर दुपार काढणं धोक्याचंच, म्हणून आतल्या ऑसिलेटरचा वेग ठरवणारं ऑस्कॅल रजिस्टर काही पायऱ्या उतरवून तापलेल्या पॅनलमध्येच वेग २ टक्क्यांच्या आत आणला.

कायमच्या दुरुस्तीला ७.३७२८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आणि २२ पिकोफॅरडचे दोन कपॅसिटर. घड्याळ भागून बॉड काढणारं यूबीआरआर रजिस्टर ९६०० ला ४७, १२०० ला ३८३, भागाकारात बाकी शून्य. घड्याळ कुठलं ते ठरवणारी चिपची सेटिंग, लो फ्यूज, हेक्स एफडी. क्रिस्टल आधी सोल्डर करा, फ्यूज नंतर बदला. उलट केलंत तर चिपला घड्याळच मिळत नाही आणि प्रोग्रामर तिला ओळखत नाही. फर्मवेअरमधले टायमरही नव्या फ्रीक्वेन्सीला पुन्हा मोजावे लागतात.