हात लावू नये

साताऱ्याहून भाचा सुट्टीला आला की त्याला मुंबई दाखवायचं काम माझ्याकडे येतं. राणीच्या बागेतले पेंग्विन झाले, गेटवे झालं. परवा दुपारी म्हणाला, "मामा, आजोबा सांगतात ती विक्रांत बघायची."

आता आली का पंचाईत! नवी विमानवाहू नौका विक्रांत २०२२ साली कोचीला नौदलात आली, ती मी इथे कुठून दाखवू? आणि आजोबांची जुनी विक्रांत तर २०१४ मध्येच दारूखान्यात, म्हणजे मुंबईत जहाजं मोडतात तिथे, तोडायला गेली. शेवटी त्याला नौदल गोदीच्या लायन गेटपाशी नेलं. रहदारीच्या मधोमध एक बेट, त्यावर तिच्याच धातूचं शिल्प. अर्झान खंबाटांनी घडवलेलं, २०१६ च्या जानेवारीपासून तिथे आहे. भाच्याने उन्हात डोळे बारीक करून बघितलं.

"एवढंच?"

"सातशे फूट लांब होती रे," मी असा ओशाळून म्हटलं, की जणू उरलेली मीच विकून खाल्ली.

मी ती पाहिलीय. तिसरीत की चौथीत होतो. १९९७ ला निवृत्त झाल्यावर पुढे तिचं संग्रहालय केलं, आणि डिसेंबरात नौदल सप्ताह आला की निम्मी मुंबई रांगेत. आम्ही पोळी-भाजीचा डबा घेऊन गेलो होतो, कारण लढाऊ बोटीवर चहासुद्धा मिळत नाही अशी आईची खात्री. वर गेलो तर मैदानच! इथे षटकार मारला तर चेंडू आणायला समुद्रात कोण उतरणार, एवढाच प्रश्न मला पडला. एक नौसैनिक भराभर सांगत होता. चारातला एक बॉयलर नादुरुस्त, तरी ही १९७१ ला बंगालच्या उपसागरात गेली. ४ डिसेंबरला हिच्यावरून सी हॉक विमानं उडाली ती कॉक्स बाजार आणि चितगाववर.

बाबा ऐकतच नव्हते. त्यांचं एकाहत्तर वेगळं. ते आठ वर्षांचे, लालबागच्या चाळीत. ब्लॅकआउट म्हणून आजीने खिडकीच्या काचांना काळा कागद चिकटवला, गव्हाच्या पिठाच्या खळीने. भोंगा झाला की दिवे बंद, आणि अंधारात सगळ्यांना ऐकू यायची ती झुरळं. खळ खायला यायची. कागदावर त्यांच्या पायांची खसखस सुरू झाली की आजी कुजबुजायची, "आली बघ विमानं." लढाई तेरा दिवसांत संपली. कागद शिमग्यापर्यंत तसाच होता, झुरळं त्याच्याही पुढे.

तर त्या बोटीवर एके ठिकाणी पाटी होती, हात लावू नये. बाबांनी इकडेतिकडे बघितलं आणि राखाडी रंगाच्या तापलेल्या भिंतीवर सरळ पंजा टेकवला. मला म्हणाले, "लाव रे, आपलीच आहे." मी लावला. रंगाचा एक पोपडा बोटाला चिकटून आला. तो मी कंपासपेटीत ठेवला होता. कधी हरवला कोण जाणे.

तेव्हापासून मला ही खोड आहे. कुठल्याही संग्रहालयात गेलो की काच नसलेल्या वस्तूपुढे माझे हात शिवशिवतात. बायको अशा ठिकाणी माझा हात धरून चालते. लोकांना वाटतं, काय प्रेम आहे!

लायन गेटला मात्र चारी बाजूंनी गाड्या, बेटापर्यंत पोचायची सोय दिसेना. भाच्याला उसाचा रस पाजला आणि परत आलो.

रात्री आठवलं, आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे बजाजची 'व्ही' मोटरसायकल आहे. विक्रांतचं लोखंड घेऊन तिच्या पेट्रोलच्या टाकीसाठी वापरलं होतं, आणि काकांनी नवी गाडी आणली तेव्हा पेढ्याबरोबर हे प्रत्येकाला ऐकवलं होतं. आता ती खांबाशेजारी धूळ खात उभी असते. भाच्याला घेऊन खाली गेलो, कव्हर वर केलं.

"लाव हात."

त्याने लावला. मग मीही लावला. टाकी गार होती.

"ही ती?"

"त्यातली थोडी."

तेवढ्यात मागून टॉर्च पडला. वॉचमन. काय करताय, विचारलं त्याने. युद्धस्मारक बघतोय असं कसं सांगणार? म्हटलं, पेट्रोल किती आहे ते बघत होतो.

तेव्हापासून तो काकांची गाडी जरा जास्तच सांभाळतो.