चौघं, एक तांडेल आणि ३० फूट

दिलीप दोंदे २००९-१० मध्ये 'म्हादेई' घेऊन एकट्याने जग फिरून आले. शिडाच्या होडीतून अशी पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी त्याच होडीतून निघाले आणि कुठेही न थांबता प्रदक्षिणा पूर्ण करून परतले. दोघांबद्दल आदर आहेच. पण मित्रांबरोबर छोट्या होडीतून फिरून आल्यापासून एक आगाऊ विचार पाठ सोडत नाही. नांगर कुठे टाकायचा यावर त्यांना कुणाशी हुज्जत घालावी लागली नाही!

आम्ही चौघं होतो. होडी ३० फुटी. कागदावर तिच्यात सहा जणांची झोपायची सोय. ती ज्याने मोजली तो बहुधा एकटाच झोपून गेला असावा. ताठ उभं राहता येईल अशी जागा केबिनच्या मध्यावर, आणि तिथून एकाला जायचं तर बाकीच्यांनी पाय वर घ्यायचे. आमच्यातल्या एकाकडे परवाना आणि अनुभव, म्हणून तो तांडेल. डॉक्टर मैत्रीण निघण्याआधी रीतसर शिकून आलेली. तिसऱ्याला आम्ही हिशेबनीस म्हणतो, कारण जुन्या सहलींतलं कुणाचं किती देणं राहिलंय हे त्याला तोंडपाठ असतं. चौथा मी, मिळेल ती दोरी ओढणारा.

मैत्रीत कुणी कुणाचं ऐकत नसतं, म्हणून तर ती टिकते. होडीवर मात्र एकाचं ऐकावंच लागतं, तेही लगेच. शीड दुसऱ्या बाजूला घेताना डोक्याच्या उंचीवरून आडवी काठी, म्हणजे बूम, सपकन फिरते. तेव्हा "खाली!" म्हटलं की "का?" विचारायला वेळ नसतो. ते आम्ही पहिल्याच सकाळी मान्य केलं. भांडण होतं ते बाकीच्या तेवीस तासांचं. दोरीची वेटोळी घड्याळाच्या दिशेनेच का घालायची, कप धुवायला गोडं पाणी किती, ओला टॉवेल कुठे वाळवायचा, या सगळ्यात तांडेलाला मत होतं आणि त्याचा सूर मात्र बूमवाल्या "खाली!"चाच होता.

वेगाबद्दल तर बोलूच नये. अशा होडीचा वेग तिच्या लांबीला बांधलेला असतो. पाण्यालगतची लांबी फुटांत घ्यायची, तिच्या वर्गमुळाला १.३४ ने गुणायचं, की साधारण कमाल वेग नॉटमध्ये निघतो. आमचे २५ फूट, म्हणजे ६.७ नॉट, म्हणजे ताशी १२ किलोमीटरच्या थोडं वर. तेही वारा मनासारखा असला तर. आणि जायचंय तिकडूनच वारा आला तर सरळ जाताच येत नाही. वाऱ्याशी साधारण ४५ अंशांचा कोन ठेवत आधी डावीकडे, मग उजवीकडे असं नागमोडी जावं लागतं, आणि १० सागरी मैलांचे १४ होतात. हिशेबनिसाने हे वहीत मांडून पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाला, "सायकलने आलो असतो तर कधीच पोचलो असतो."

सकाळची कुरबुर भरतीमुळे. एका भरतीपासून दुसरी सुमारे १२ तास २५ मिनिटांनी येते, त्यामुळे वेळ रोज पन्नासएक मिनिटं पुढे सरकते. खाडीच्या तोंडावरचा उथळ पट्टा ओलांडायचा तर पाणी असेपर्यंत निघायला हवं. भरती मध्यावर असताना पाणी सर्वांत झपाट्याने चढतं, टोकांना रेंगाळतं. म्हणजे "अर्ध्या तासाने काय बिघडतंय" याचं उत्तर रोज वेगळं. उशिरा उठणाऱ्या मित्राला हे पहाटे समजावून पाहा.

पण खरी परीक्षा नांगर टाकताना. दमलेले असता, भूक लागलेली असते, उजेड चाललेला असतो आणि आजूबाजूच्या होड्यांवरची माणसं चहाचे कप घेऊन पाहत असतात. त्या संध्याकाळी ओहोटी संपत आली होती. पाणी ४ मीटर. हिशेबनीस म्हणाला, "खोलीच्या पाचपट साखळी ना? मग २० मीटर सोडू." तांडेल म्हणाला ४०. दोघंही पाचपटच म्हणत होते. पण रात्री भरतीने पाणी ३ मीटर चढणार होतं आणि साखळी सुटते ती पाण्याच्या पातळीवरून नाही, नाळेवरून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरून. ती १ मीटर वर. चार, तीन आणि एक मिळून आठ, त्याच्या पाचपट ४०. साखळी भरपूर असली की ती तळावर पडून राहते आणि ओढ आडवी बसते, म्हणून नांगर रुतत जातो. आखूड साखळी त्याला वर उपटते.

हे सगळं शांतपणे सांगता आलं असतं. पण तांडेल मागे सुकाणूवर, हिशेबनीस पुढे नाळेवर, मध्ये इंजिनाचा खडखडाट. "मागे!" असं एकजण ओरडला. मागे काय? होडी, साखळी, की तू? वीस वर्षांपूर्वीचं एक देणंही त्या पाच मिनिटांत बाहेर निघालं. शेवटी डॉक्टरने दोघांना गप्प करून हातवारे ठरवून दिले: मूठ म्हणजे थांब, अंगठा मागे म्हणजे मागे घे. मग किनाऱ्यावरचं एक झाड आणि त्यामागचा एक कातळ एका रेषेत धरून आम्ही पाहत बसलो. रेषा मोडली नाही, म्हणजे नांगर धरला होता. त्यानंतर कुणी तरी हसलं, आणि ते हसणं बराच वेळ थांबेना.

समुद्र लागण्याबद्दल थोडक्यात: कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र म्हणतं हललो, केबिनमधले डोळे म्हणतात नाही, आणि पोट तिसरंच काही ठरवतं. ज्याला लागेल त्याला वर आणून सुकाणू हातात द्यावं आणि क्षितिजाकडे पाहायला सांगावं. हिशेबनीस एरवी सुकाणूला हात लावत नसे, त्या दिवशी तो सोडायलाच तयार नव्हता.

मग माणूस जातो कशाला? माझ्यापुरतं सांगतो. दुपारी खारे वारे सुरू होतात, शीड भरतं, आणि तांडेल इंजिन बंद करतो. होडी कलते, सुकाणूच्या दांड्यात जीव आल्यासारखी ओढ जाणवते. पाच मिनिटं चौघंही काही बोलत नाही. आमच्यात हे किती दुर्मिळ!

आणि रात्रीची पाळी. एका लांबच्या टप्प्यावर तीन-तीन तास दोघं जागायचं ठरलं. डॉक्टर आणि मी बसलो होतो. लांब एका जहाजाचे दिवे दिसले, लाल आणि हिरवा दोन्ही. डाव्या अंगाचा लाल, उजव्याचा हिरवा. दोन्ही एकदम दिसले याचा अर्थ जहाज सरळ आपल्याकडे येतंय. नियमाने इंजिनाच्या जहाजाने शिडाला वाट द्यायची असते, पण त्या आकाराच्या लोखंडासमोर नियमावर विसंबून राहू नये. आम्ही लवकर आणि ठळक वळलो. लाल मावळला, नुसता हिरवा उरला. हात थरथरत होते म्हणून की काय, त्यानंतर तिने नोकरी सोडायचं मनात आहे हे सांगितलं. इतक्या वर्षांत किनाऱ्यावर हा विषय कधी निघाला नव्हता. तिथे उठून घरी जाता येतं ना.

शेवटच्या टप्प्यावर ती तांडेल झाली आणि आमचा जुना तांडेल पहिल्यांदाच दोऱ्या ओढायला आला. दहा मिनिटांत त्याला सगळ्यातच मत होतं. शीड सैल आहे, दिशा दोन अंश चुकते आहे, अजून थांबायला हवं होतं. तिने त्याला नाळेवर नांगरापाशी पाठवलं आणि ४० मीटरची खूण केली. त्याने ४० सोडले, मूठ दाखवली, आणि मागे येऊन बसता बसता म्हणाला, "मी ४५ सोडले असते."

"म्हणून तर तुला पुढे पाठवलं," ती म्हणाली.