बिल्डमधल्या जुन्या वॉर्निंग काढताना

आर्वीजवळच्या एका जिनिंगच्या काट्यावर वजन-पावतीचं सॉफ्टवेअर चालतं, त्याची देखभाल मी गावातूनच करतो. कोड सी प्लस प्लसमध्ये, बिल्ड (कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणं) सीमेक या साधनावर. बिल्ड लावला की वॉर्निंगच्या, म्हणजे इशाऱ्यांच्या, पिवळ्या ओळींची रांगच लागायची. सोबत शिकणाऱ्या पोराला त्यातली एक वाचायला सांगितली, तर म्हणाला, "दादा, ते तं रोजचंच हाय, मी पायतच नाही त्याच्याकडे." उद्या खरा धोका सांगणारी ओळ आली तरी तीही अशीच जाणार. म्हणून कापसाचा हंगाम लागायच्या आत हे निस्तरायचं ठरवलं.

वॉर्निंग दाबून टाकायचे पर्याय सीमेकमध्ये आहेत. ते मी मुद्दाम वापरले नाहीत, कारण त्यात खरी-खोटी सगळीच गप्प होते.

सर्वांत जुनी ओळ आमच्याच फाइलीत होती: 'जीसीसी ४.९ च्या खालचा कंपायलर वापरू नका.' कंपायलर म्हणजे कोडचा प्रोग्राम करणारं साधन, जीसीसी हा त्यातलाच एक. तो कोणताही असो, ती ओळ छापली जायचीच. गिट ब्लेम (कोणती ओळ कोणत्या बदलात आली ते दाखवणारी कमांड) लावून मूळ कमिट, म्हणजे तो नोंदवलेला बदल, काढला, तिथे कारण लिहिलेलं होतं. जीसीसी ४.८ मध्ये रेजेक्स (मजकूर ठरलेल्या पॅटर्नशी जुळवून पाहणारी सोय) नावापुरतं होतं. कोड कंपाइल व्हायचा, पण चालवला की पॅटर्न जुळायचे नाहीत. पावती क्रमांक आम्ही त्यानेच तपासतो, म्हणजे तेव्हा इशारा रास्तच होता. आता प्रोजेक्टला सी प्लस प्लस १७ (भाषेची नंतरची आवृत्ती) लागतं, आणि ४.८ असेल तर सीमेक कॉन्फिगर करतानाच अडवतो. ओळ काढली, का काढली तेही कमिटमध्ये सविस्तर लिहिलं.

सीमेकची किमान कोणती आवृत्ती लागेल, त्या आकड्याची वॉर्निंग मात्र खरी होती. आमच्याकडे २.८ लिहिलेलं, सीमेक ३.२७ पासून हा आकडा ३.५ च्या खाली असला की इशारा यायचा, आणि २०२५ च्या ४.० मध्ये इतक्या जुन्या आकड्यांचा आधारच काढून टाकला. मी '३.१२ ते ३.३१' अशी मर्यादा दिली. आकडा बदलला की सीमेकच्या पॉलिसीही (कोणत्या आवृत्तीप्रमाणे वागायचं ते नियम) बदलतात: चाचण्यांसाठी पायथन शोधणारं जुनं मॉड्यूल लगेच सापडेनासं झालं, कारण ३.२७ च्या पॉलिसीत ते वगळलंय. त्या जागी पायथन३ चं मॉड्यूल घातलं, व्हेरिएबलची नावं बदलली. मग बिल्डचं फोल्डर पूर्ण पुसून काट्यावरच्या जुन्या पीसीवर आणि माझ्या लॅपटॉपवर, दोन्हीकडे पुन्हा चालवून पाहिलं.

राहिली एक, बाहेरून घेतलेल्या लायब्ररीची. तिथे किमान आवृत्ती ३.५ आहे आणि ३.१० च्या खाली असलं की नवा सीमेक इशारा देतो. दुरुस्ती मूळ प्रोजेक्टकडे पाठवली आहे. ती स्वीकारली जाईपर्यंत ती ओळ दिसू दिली आहे, आणि पोराला तिचा अर्थ समजावून सांगितला आहे.