सोळा वर्षांपूर्वीचं बाळंतपण

ओपीडी संपत आली होती. चाळिशीतल्या एका बाईंना चौघांनी उचलून कॅज्युअल्टीत आणलं. आदल्या दिवशी त्यांचे यजमान अपघातात गेले होते. "धसका घेतलाय हो तिनं," भाऊ सांगत होता. रात्रभर रडणं, पोटात अन्नाचा कण नाही, पहाटेपासून उलट्या, आणि आता हाक मारली तरी ओ नाही.

धसक्यानं कोसळलेली माणसं आम्ही नेहमी बघतो. त्यांची नाडी धावत असते, रक्तदाब बहुधा चढलेला असतो. इथं वरचा रक्तदाब जेमतेम ७० आणि साखर ४६. ग्लुकोज दिल्यावर डोळे उघडले, पण सलाइनच्या दोन बाटल्या गेल्या तरी रक्तदाब हलेना. ताप नाही, ईसीजी ठीक. सोडियम आलं ११६, म्हणजे फारच कमी; पोटॅशियम मात्र नॉर्मल.

मग चेहरा निरखून पाहिला. फिकट, कोरडा, विरळ भुवया, डोळ्यांच्या कडेला बारीक सुरकुत्या. काखेत केस नाहीत, हे सिस्टरांच्या लक्षात आलं. मी जाऊबाईंना बाजूला घेतलं.

"शेवटच्या बाळंतपणात रक्त फार गेलं होतं का?"

"लई गेलं. वाचती का नाही असंच झालं होतं. सोळा वर्षं झाली."

"बाळाला अंगावर पाजलं?"

"दूध उतरलंच नाही. पाळीबी परत आली नाही. तवापासनं हिला सदा थकवा. घरात सगळे आळशी म्हणायचे."

निदान समोर होतं: शीहान सिंड्रोम. तेव्हा ग्लासगोत असलेले डॉ. शीहान यांनी १९३७ मध्ये त्याचं वर्णन केलं. मेंदूच्या तळाशी हरभऱ्याएवढी पिट्युइटरी ग्रंथी असते. गरोदरपणात ती वाढते, आणि बाळंतपणात अतोनात रक्तस्राव झाला तर रक्ताअभावी तिचा बराचसा भाग मरतो.

दुःखाचा घाव बसला की मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग सीआरएच नावाचं हार्मोन सोडतो, त्यावर पिट्युइटरी एसीटीएच हे दुसरं हार्मोन सोडते आणि मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन वाढवतात. रक्तदाब आणि साखर टिकते ती त्याच्या जोरावर. पुरेसं झालं की तेच कॉर्टिसॉल मेंदूला थांबायला लावतं. या बाईंची मधली कडीच तुटलेली. शांत दिवसांत त्या कशाबशा तगल्या. शोक, उपास आणि उलट्या एकदम आल्यावर वाढीव कॉर्टिसॉल येणार कुठून? पोटॅशियम ठीक होतं, कारण ते सांभाळणारं ॲड्रिनलचं दुसरं हार्मोन, अल्डोस्टेरॉन, पिट्युइटरीवर फारसं अवलंबून नसतं.

तपासणीसाठी रक्त काढून ठेवलं आणि रिपोर्टची वाट न बघता हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधरूपातलं कॉर्टिसॉल हे स्टेरॉईड, १०० मिलिग्रॅम शिरेतून दिलं. संध्याकाळी रक्तदाब ११०. बाई उशीला टेकून बसल्या, चहा मागितला, आणि मग नवऱ्याची आठवण येऊन पुन्हा रडू लागल्या. ते रडणं ऐकून मला हायसं वाटलं. आता त्यांच्या शरीराला ते झेपत होतं.

कॉर्टिसॉल अगदी कमी निघालं. थायरॉईडही कमीच होतं, पण ती गोळी मुद्दाम नंतर सुरू केली. स्टेरॉईडच्या आधी दिली असती तर उरलंसुरलं कॉर्टिसॉलही लवकर संपून जीवावर बेतलं असतं. पुढे एमआरआयमध्ये पिट्युइटरीची जागा जवळपास रिकामी दिसली.

डिस्चार्जच्या वेळी मुलगा शेजारी उभा होता. त्याला बजावून सांगितलं: स्टेरॉईडची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, ताप आला तर डोस दुप्पट, उलट्या झाल्या तर थेट इंजेक्शनला आणायचं. त्यानं मोबाईलमध्ये गोळीचा फोटो काढला आणि दोन्ही वेळांचे गजर तिथंच लावले.