चेरी काउंटी: वाळूच्या टेकड्या आणि सरळ रेषा

नकाशे वाचण्याची मला जुनी आवड आहे आणि अमेरिकेतील नेब्रास्का राज्याचा नकाशा उघडला की माझी नजर उत्तर सीमेवरील चेरी काउंटीवर (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) हमखास खिळते. १८८३ मध्ये स्थापन झालेली ही काउंटी राज्यातील ९३ काउंट्यांमध्ये आकाराने सर्वांत मोठी आहे. तिचे क्षेत्रफळ सुमारे १५,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे संपूर्ण कनेक्टिकट राज्यापेक्षाही जास्त असले, तरी २०२० च्या जनगणनेत येथे अवघे ५,४५५ लोक नोंदले गेले आणि त्यांतील जवळजवळ निम्मे व्हॅलेंटाइन या मुख्यालयाच्या शहरात राहतात.

या विरळ वस्तीचे कारण जमिनीतच आहे. काउंटीचा बहुतेक भाग ‘सँडहिल्स’ या प्रदेशात मोडतो. वाऱ्याने रचलेल्या या वाळूच्या टेकड्यांना केवळ गवताच्या मुळांनी धरून ठेवले आहे. नांगर घालून ते गवत उपटले, की वाळू पुन्हा उडू लागते. पाण्याची मात्र वाण नाही. पावसाचे पाणी वाळूतून झिरपून खालच्या ओगालाला जलधरात, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या भूगर्भातील थरात, साठते आणि जेथे दोन टेकड्यांमधला सखल भाग भूजलाच्या पातळीखाली उतरतो, तेथे आपोआप तळे तयार होते. पाणी असूनही पीक घेता येत नाही, आणि म्हणूनच हा मुलूख गुरे पाळणाऱ्यांचा झाला.

सरकारी मोजणीला हे वेळीच उमगले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. चौरस मैलांच्या चौकटीत आखलेल्या जमिनीतून १८६२ च्या कायद्याने प्रत्येक कुटुंबाला १६० एकर देऊ केले होते. एवढ्या जमिनीवर येथे निभाव लागणे शक्यच नव्हते. १९०४ च्या किंकेड कायद्याने ही मर्यादा ६४० एकरांवर, म्हणजे पूर्ण एका चौरस मैलावर नेली. तरीही ती अनेकांना अपुरीच पडली आणि त्यांच्या जमिनी हळूहळू मोठ्या पशुपालकांच्या हाती गेल्या.

स्थानिक कारभाराची रचना या पार्श्वभूमीवर पाहिली, तर अधिक उलगडते. व्हॅलेंटाइन शहराखेरीज स्वतःचा गावकारभार असलेली गावे फक्त सहा आहेत: वूड लेक, क्रुकस्टन, किलगोर, नेन्झेल, कोडी आणि मेरिमन. ही सगळी उत्तर भागात महामार्ग क्रमांक २० वर ओळीने वसली आहेत, कारण पूर्वी याच पट्ट्यातून रेल्वे जात असे; व्हॅलेंटाइनच्या पूर्वेला त्या लोहमार्गाच्या जागी आता पायी व सायकलने जाण्याची वाट आहे. या ओळीच्या दक्षिणेला, काउंटीच्या बहुतांश भूभागावर, एकही नगरपालिका किंवा ग्रामसंस्था नाही. तेथील रहिवाशांसाठी रस्ते, मालमत्तेची करआकारणी आणि पोलीस बंदोबस्त ही सारी कामे थेट काउंटीचे निवडून आलेले आयुक्त, शेरीफ आणि अन्य अधिकारी पाहतात, त्यामुळे लांबच्या रँचवरील (गुरे पाळण्याच्या विस्तीर्ण जागेवरील) कुटुंबाचा स्थानिक कारभाराशी येणारा संबंध बहुतांशी व्हॅलेंटाइनमधील कचेरीशीच असतो.

त्यात भर म्हणजे वेळेची सीमारेषाही याच काउंटीतून जाते. कोडी आणि मेरिमन ही पश्चिमेकडील गावे माउंटन वेळ पाळतात, तर मुख्यालय सेंट्रल वेळेनुसार चालते, म्हणून मेरिमनच्या माणसाला न्यायालयात सकाळी दहाला हजर व्हायचे असेल, तर त्या वेळी त्याच्या गावच्या घड्याळात नऊच वाजलेले असतात.