कोलन की सेमीकोलन?

माझ्या थोरल्या आत्याला ऐकू येत नाही. धाकटी आत्या न्यू जर्सीत असते. तिच्या ओव्या आणि माहेरच्या आठवणी तिथेच चित्रित झाल्या, आणि थोरलीला वाचता याव्यात म्हणून सबटायटल्सचं काम मी घेतलं. संकलन करणाऱ्या दादाने प्रत्येक ओळीचा टाइमकोड पाठवला: तास, मिनिटं, सेकंद, शेवटी फ्रेम, म्हणजे त्या सेकंदातलं कितवं चित्र. सबटायटल्सच्या एसआरटी फाइलला मात्र मिलिसेकंद लागतात. यादी 01:00:00:00 पासून होती, म्हणून एक तास वजा केला, फ्रेमच्या आकड्याला 30ने भागलं आणि फाइल जोडली.

पहिली ओवी चोख बसली. बेचाळिसाव्या मिनिटाला मात्र आत्याने तोंड उघडायच्या आत ओळ पडद्यावर हजर! सगळ्या ओळी अडीच सेकंद पुढे ढकलल्या, तर सुरुवात बिघडली. म्हणजे चूक हळूहळू वाढत होती.

दादाला फोन केला. त्याने आधी विचारलं,

"सेकंद आणि फ्रेमच्या मध्ये कोलन आहे की सेमीकोलन?"

"कोलन."

"मग ते नॉन-ड्रॉप आहे गं, एकही क्रमांक न गाळलेलं. त्याला घड्याळ समजू नकोस, ती फ्रेमची मोजणी आहे."

आपल्याकडचा टीव्ही सेकंदाला 25 फ्रेमचा, तासाला सरळ 90,000. अमेरिकेत 1953 साली रंगीत प्रसारणाचं मानक ठरलं तेव्हा 30चा वेग किंचित उतरवावा लागला: 30000 भागिले 1001, म्हणजे साधारण 29.97. टाइमकोड मात्र 30 फ्रेम मोजूनच सेकंद बदलतो. त्यामुळे टाइमकोडात तास भरतो तेव्हा खरे 3.6 सेकंद जास्त गेलेले असतात.

मग आधी फ्रेम मोजल्या. एक तास वजा करून उरलेल्या 00:42:10:15 चे 2530 सेकंद गुणिले 30, अधिक 15, म्हणजे 75,915 फ्रेम. त्याला 1001ने गुणून 30000ने भागलं: 2533.03 सेकंद, म्हणजे 42 मिनिटं 13.03 सेकंद. हरवलेले अडीच सेकंद सापडले!

सेमीकोलन असता, म्हणजे ड्रॉप-फ्रेम, तर दर मिनिटाला दोन क्रमांक गाळलेले असते, फक्त दर दहाव्या मिनिटाला नाही. चित्रातली एकही फ्रेम जात नाही, गळतात ते नुसते आकडे. 42 मिनिटांत असे 76 आकडे वजा करावे लागले असते.

नवी फाइल लावली. शेवटची ओवी आली तेव्हा थोरल्या आत्याचे ओठ धाकटीच्या बरोबरीने हलत होते.