हॅमर मशीनला रेटू नका

"दादा, जोर लावतोय तरी आत जात नाही."

शिडीवरून आवाज आला म्हणून वर पाहिलं. पोरगा मशीनला खांद्याने रेटत होता आणि तोंड सिमेंटच्या पिठाने पांढरंफटक. त्याला खाली उतरवलं, प्लग काढला, बिट (मशीनला लावून भोक पाडायचं अवजार) थंड होऊ दिलं आणि उजेडात धरून त्याला दाखवलं. टोकावरच्या कार्बाइडच्या पातीचे दोन्ही कोपरे झिजून गोल झाले होते. असं बिट काँक्रीट फोडत नाही, नुसतं घासत आणि तापत बसतं. मग माणूस आणखी दाबतो.

साध्या इम्पॅक्ट ड्रिलवर हात बसलेल्यांची ही सवय लवकर जात नाही. त्या मशीनमध्ये दातेरी चकत्या एकमेकींवर घासून ठोका तयार होतो, तिथे खरंच दाबावं लागतं. आपल्या हॅमर मशीनचं, म्हणजे रोटरी हॅमरचं, गणित वेगळं आहे. आत पिस्टन मागेपुढे होतो, त्याच्यापुढची हवा दाबली जाते आणि ती हवा एका जड ठोकळ्याला बिटाच्या बुडावर आपटते. त्याला लागणारं एसडीएस प्रकारचं बिट चकमध्ये, म्हणजे बिट पकडणाऱ्या तोंडात, घट्ट आवळलेलं नसतं. त्याच्या दांड्याला खाचा असतात आणि त्यात ते थोडं पुढेमागे सरकतं. ठोका बिटालाच बसावा, सगळ्या चकला नाही, म्हणून ही सोय. आपण टोक भिंतीवरून उडणार नाही एवढंच धरायचं. फार दाबलं तर ठोका मंदावतो, मोटर तापते आणि हाताला मुंग्या येतात त्या वेगळ्याच.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. एका अरुंद कोपऱ्यात बाजूचं हँडल आड येत होतं, म्हणून काढून ठेवलं. वर स्विचचं लॉक बटणही दाबलेलं. 16 मिमीचं बिट स्लॅबमधल्या सळईच्या कडेला अडकलं आणि बिट थांबून मशीनच फिरलं. बिट अडकलं की फिरणं तोडणारा क्लच असतो आणि तो सुटतोही, पण सुटेपर्यंतचा हिसका मनगटालाच बसतो. लॉकमुळे बोट सोडूनही मशीन बंद होईना. पंधरा दिवस पट्टी बांधून हिंडलो. त्यानंतर हँडल कधी काढलं नाही. जागा नसेल तर हँडल फिरवून दुसऱ्या कोनात लावतो. ते लॉक बटण मी हातात धरून काम करताना वापरतच नाही, शिडीवर तर अजिबात नाही.

सळई लागली की आवाज बदलतो, भुग्याचा रंग बदलतो आणि बिट पुढे सरकायचं थांबतं. तिथे हट्ट करू नये, होल थोडं बाजूला घ्यावं. बिल्डिंगची सळई कापायची की नाही हे ठरवणं आपलं काम नाही. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली होल मारायच्या आधी वायर शोधणारं यंत्र फिरवा आणि त्या भागाचा एमसीबी पाडा.

टाइलवर आधी ठोका बंद ठेवून टाइलच्या बिटाने भोक पाडा. टाइल पार झाली की बिट बदलून हॅमर. पोकळ विटेला हॅमर लावलाच तर आतले पडदे फुटतात आणि स्क्रूसाठी भोकात बसवलेला प्लग लटकत राहतो. छिन्नी लावली की मोड फक्त ठोक्याचा, फिरणं बंद. मोडची कळ मशीन पूर्ण थांबल्यावरच फिरवायची.

धुळीबद्दल मात्र मी कुणाचंच ऐकत नाही. काँक्रीटच्या त्या पिठात सिलिका असते. तिचे सगळ्यात बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत, ते थेट फुप्फुसात जाऊन बसतात आणि सिलिकोसिस झाला की तो बरा होत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल म्हणजे नुसतं समाधान. नीट बसणारा एन95 मास्क, चष्मा आणि कानात प्लग हवेतच. छताला होल मारताना बिटावर रबरी डस्ट कप चढवा, नाहीतर सगळं पीठ चकमध्ये उतरतं.

चकमध्ये गेलेल्या त्या पिठाचा ग्रीसबरोबर पॉलिश पेपरसारखा घासणारा लगदा होतो आणि दांडा झिजतो. म्हणून बिट घालताना दांडा फडक्याने पुसायचा आणि नखावर मावेल एवढं ग्रीस लावायचं. जास्त लावलं म्हणून जास्त चालत नाही. तापलेलं बिट पाण्यात बुडवणारेही भेटतात. त्याने कार्बाइडला तडे जातात, बाजूला ठेवून आपोआप गार होऊ द्या. गिअरबॉक्स मी स्वतः उघडत नाही.

कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे दोन ठोकळे, मात्र घरीच बदलतो. मोटरच्या फटीतून नेहमीपेक्षा मोठ्या ठिणग्या दिसल्या, किंवा मशीन मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झालं, की प्लग काढून कार्बन बघायचे. एकच झिजलेला दिसला तरी दोन्ही एकदम बदलायचे. नवे कार्बन बसेपर्यंत थोड्या ठिणग्या उडतातच. तेवढा वेळ ठोका बंद ठेवून मशीन नुसतं फिरवतो आणि मगच कामाला लावतो.